धातू, प्रत्यय आणि कर्ता

पाणिनीच्या परंपरेने शब्दाची फोड करण्याचे शास्त्र फार बारकाईने रचले. अष्टाध्यायीची सुमारे ४,००० सूत्रे, धातुपाठातील सुमारे २,००० धातू आणि २२ उपसर्ग, एवढ्या भांडवलावर हजारो शब्द उभे राहतात. पण या भांडाराची किल्ली कोणाच्या कमरेला होती? शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही बाबासाहेबांना फारसी घ्यावी लागली, ही विसाव्या शतकातली गोष्ट आहे. पुढे ते स्वतःच्या बळावर संस्कृत शिकले. त्यांनी तयार केलेले पालीचे व्याकरण आणि कोश १९९८ साली त्यांच्या लेखन-भाषणांच्या १६व्या खंडात प्रसिद्ध झाले.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. माझ्या वर्गातल्या पुष्कळांची घरे तशीच आहेत. 'अधिसूचना', 'प्रतिज्ञापत्र' हे शब्द तिथे कोणी बोलत नाही, पण कचेरीत तेच शब्द समोर येतात. म्हणून मी त्यांना धातू, उपसर्ग, प्रत्यय शिकवतो. 'कृ' म्हणजे करणे, एवढे कळले की कृती, संस्कार, अधिकार, प्रतिकार, बहिष्कार ही एकाच घरातली माणसे वाटू लागतात.

उदाहरणे मात्र मी आपल्या इतिहासातून घेतो. 'अस्पृश्य' हा शब्द पाहा. 'स्पृश्' म्हणजे शिवणे. 'य' हा प्रत्यय योग्यता सांगतो. 'अ' ती नाकारतो. शिवण्यास योग्य नसलेला! म्हणजे खोट त्या माणसातच आहे असे हा शब्द सांगतो. आता १९२७ साली बाबासाहेबांनी काढलेल्या पत्राचे नाव घ्या : 'बहिष्कृत भारत'. बहिस् म्हणजे बाहेर, 'कृ' धातू आणि 'त' प्रत्यय. बाहेर केलेला. केलेला म्हटले की विद्यार्थी आपणहून विचारतो, कोणी केला? दडून बसलेला कर्ता या 'त'ने उघड्यावर आणला. 'दलित' शब्दातही हाच प्रत्यय आहे. चिरडलेला म्हटले की चिरडणारा आलाच.

१९५६ साली 'जनता' पत्राचे 'प्रबुद्ध भारत' झाले. 'प्र' उपसर्ग, 'बुध्' म्हणजे जागे होणे, आणि पुन्हा तोच 'त' (संधीत त्याचा 'ध' झाला). पण इथे दुसऱ्या कोणी काही केलेले नाही. प्रबुद्ध म्हणजे जागा झालेला. कर्ता तो स्वतःच. त्याच वर्षी नागपुरात धम्मदीक्षा झाली. बुद्ध, बोध, बोधी हे सगळे याच धातूचे.

तरीही शब्दाची फोड म्हणजे इतिहासाचा पुरावा नव्हे, हे वर्गात बजावावे लागते. ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायात 'शूद्र' शब्दाचा संबंध 'शुच्' म्हणजे शोक करणे या धातूशी लावला आहे. आणि त्याच अधिकरणात शूद्राला वेदाचे श्रवण-अध्ययन नाकारले आहे. आधी शब्दाला शोक चिकटवायचा, मग माणसाला विद्या नाकारायची! बाबासाहेबांनी १९४६ च्या 'शूद्र कोण होते?' या इंग्रजी ग्रंथात ही व्युत्पत्ती फेटाळली आणि शूद्र हे एका जमातीचे विशेषनाम असल्याचे मांडले. जोतीरावांनीही 'गुलामगिरी'त (१८७३) 'महार' म्हणजे 'महाअरी' अशी फोड केली. तिच्यामागचे बंड आपले आहे. पण कसोटी तिलाही तीच लावली पाहिजे. शत्रूची व्युत्पत्ती तपासायची आणि आपली तशीच मानायची, ही बाबासाहेबांची शिकवण नव्हे.

शब्दसंग्रह वाढला की परीक्षेत गुण वाढतात, नोकरीचा अर्ज नीट लिहिता येतो, तेही हवेच. पण ज्यांना शतकानुशतके दुसऱ्यांनी नावे ठेवली, त्यांच्या मुलांना नाव कसे घडते हे कळणे त्याहून मोठे आहे. ज्याला शब्द फोडता येतो, त्याच्यावर नुसत्या शब्दाने राज्य करता येत नाही.