योग्य समुपदेशक कसा निवडावा : धार-देवासच्या कुटुंबांसाठी माहिती

रक्तदाब आणि साखर यांबद्दल आपल्या समाजात मोकळेपणाने बोललं जातं. झोप लागत नाही, जीव घाबरतो, मुलगी खोलीबाहेर येत नाही, हे मात्र घरातच राहतं. कोणाला दाखवायचं ठरलंच, तर ओळखीतलं नाव सुचवलं जातं. माझ्या मते इथे ओळख ही बहुधा अडचणच ठरते. आपली गावं लहान आहेत. गणेशोत्सवात ज्यांच्या शेजारी पंगतीला बसायचं, त्यांच्यासमोर मन उघडं करणं सोपं नाही. देवासहून इंदूर साधारण ४० किलोमीटर, धारहून ६० च्या पुढे. तेवढं अंतर पुष्कळांना सोयीचंच वाटतं.

आधी पाटी नीट वाचावी. मनोविकारतज्ज्ञ हे एम.डी. किंवा डी.पी.एम. झालेले डॉक्टर असतात आणि औषधं लिहून देतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. ते चाचण्या घेतात आणि संवादातून उपचार करतात. त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आर.सी.आय., कायदा १९९२) असते. नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? बँकेत खातं उघडताना आपणही कागद दाखवतोच. ‘समुपदेशक’ ही पाटी काही महिन्यांच्या कोर्सनंतरही लावलेली दिसते, म्हणून तिथे शिक्षण आणि अनुभव जास्त बारकाईने विचारावा.

यानंतर भाषा. आपण बाहेर सफाईदार हिंदी बोलतो, पण कुढणं, हुरहूर, धुसफूस, कोंडमारा हे सगळं मराठीतच होतं. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांना तर हिंदीत फक्त हकिकत सांगता येते, दुखणं नाही. इंदुरात मराठी जाणणारं कोणी आहे का ते जरूर पाहावं. नसेल तर व्हिडिओ कॉलवर पुण्या-ठाण्याचे तज्ज्ञही बोलतात. मराठीत या कामाची चांगली परंपरा आहे. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात ‘आय.पी.एच.’ ही संस्था सुरू केली.

पहिल्या भेटीत फी, भेटीचा वेळ (बहुधा पाऊण ते एक तास), उपचाराची पद्धत आणि साधारण किती भेटी लागतील, हे विचारून घ्यावं. दोन-तीन भेटींत निकाल लागत नाही, पण हा माणूस आपलं ऐकतो आहे की नाही, ते कळतं. नाही पटलं तर बदलावं. त्यात कोणाचा अपमान नाही. खात्रीने बरं करतो म्हणणारा, दुसऱ्या पेशंटच्या गोष्टी सांगणारा, चालू औषधं परस्पर बंद करायला लावणारा किंवा ‘लग्न लावून द्या, सगळं ठीक होईल’ म्हणणारा दिसला, की तिथून उठावं.

गुप्ततेवरून घरात वाद होतात. ‘पैसे आम्ही भरतो, मग ती काय बोलली ते सांगा’ असं आई-वडील म्हणतात. मुलगी सज्ञान असेल तर समुपदेशक सांगणार नाही, आणि ते योग्यच आहे. पैसे वडिलांनी भरले तरी खातं मुलीच्या नावावर असेल तर तपशील तिलाच मिळतो, तसंच हे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने गुप्ततेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल तर अपवाद. याच कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार शारीरिक आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितलं आहे. मात्र बऱ्याच पॉलिसी भरती झाल्यावरचाच खर्च देतात, समुपदेशनाची फी नाही. आपली पॉलिसी काढून वाचावी.

खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. इंदूरला बाणगंगा इथे सरकारी मानसिक रुग्णालय आहे. आणि कोणी जीव देण्याची भाषा करत असेल, तर निवडीचा विचार बाजूला ठेवून त्या माणसाला एकटं सोडू नये, लगेच जवळच्या रुग्णालयात न्यावं. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य मिळते. ऑक्टोबर २०२२ पासून ती सुरू आहे, आणि घरच्या माणसांनी फोन केला तरी चालतो.