पाय दाबला, आणि मग...

टर्बो डिझेल एसयूव्ही चालवणाऱ्यांना हा क्षण चांगलाच ओळखीचा असेल. दोन पदरी रस्ता, पुढे संत्र्यांनी भरलेला ट्रक, समोरून बरीच लांब एक बस. तुम्ही गिअर बदलता, ॲक्सिलरेटर दाबता... आणि काहीच होत नाही. एक सेकंद, दीड सेकंद. मग कुणीतरी मागून ढकलल्यासारखी गाडी सुटते. ८० च्या वेगानं दीड सेकंदात गाडी ३३ मीटर जाते. समोरची बसही तेवढीच जवळ आलेली असते.

तर मंडळी, ह्या दीड सेकंदाला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे.

१९०५ साली आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरनं एक पेटंट घेतलं. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर वाया जातो, त्याच्या जोरावर एक चाक फिरवायचं, आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकानं बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन जाळता येतं, म्हणून जास्त ताकद. फुकटात! पण प्रत्यक्षात यायला वीस वर्षं गेली. १९२० च्या दशकात जर्मन जहाजांवर ही युक्ती चालली. मधल्या काळात, १९१८ साली, अमेरिकेत सॅनफर्ड मॉसनं विमानाचं इंजिन १४ हजार फूट उंचीच्या पाइक्स पीकवर नेऊन विरळ हवेत टर्बोची परीक्षा घेतली.

जहाज आणि विमान ह्या दोघांनाही उशिराचं काही वाटत नाही. जहाजाचं इंजिन तासन्‌तास एकाच गतीनं चालतं. भानगड सुरू झाली ती गाडीत. कारण धूर वाढायला डिझेल जास्त जळायला हवं, त्यासाठी हवा जास्त हवी, आणि हवा वाढायला आधी धूर वाढायला हवा. हे चक्र गती घेईपर्यंत ड्रायव्हर ताटकळतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत थ्रूपुट उत्तम, लेटन्सी भयंकर.

१९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो ह्यासाठीच बदनाम झाली. (तिच्या पुढच्या बाजूला ‘टर्बो’ हे उलट्या अक्षरांत लिहिलेलं असे, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात सुलट दिसावं. काय तो माज!) मग १९७० च्या दशकाच्या शेवटी साबनं ९९ टर्बोमध्ये लहान टर्बो लावला. तो लवकर फिरतो, आणि दाब जास्त झाला की वेस्टगेट नावाची झडप धूर बाजूनं सोडून देते. पुढे धुराची वाट लहानमोठी करणाऱ्या हलत्या पात्या आल्या. १९९७ साली अल्फा रोमिओ १५६ मधून कॉमन रेल डिझेल बाजारात आलं.

आपल्याकडे १९९४ ची टाटा सुमो बिनटर्बोची होती. हळू, पण पाय दाबला की जी काय ताकद असेल ती लगेच. १९९८ च्या सफारीत टर्बो आला, आणि २००२ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून स्कॉर्पिओ आली. टर्बोचा तो धक्का मराठी घरांत पोचवला तो स्कॉर्पिओनं, असं माझं मत. २०११ च्या एक्सयूव्ही ५०० मध्ये हलत्या पात्यांचा टर्बो होता.

पण माझ्या मते खरी गंमत पुढे आहे. उशीर कमी करायला जो जो भाग वाढवला, तो बिघडला की पुन्हा तोच उशीर! पात्या काजळीनं अडकतात. धुराचा काही भाग परत इंजिनात पाठवणारा ईजीआर वाल्व्ह तुंबतो. पेडल आता नुसता सेन्सर आहे, तोही दगा देतो. लक्षण एक, संशयित दहा.

आमच्या घरच्या गाडीला (कंपनी राहू दे) हेच झालं. उशीर नेहमीचा नव्हता, वाढत चालला होता. स्कॅनर म्हणाला, बूस्ट कमी. एका गॅरेजनं थेट नवा टर्बो सांगितला. बाबांना हायवेवर ओव्हरटेक करायची भीती वाटायला लागली होती, त्यामुळे ते पैसे भरायलाही तयार होते. दुसऱ्या मिस्त्रीनं आधी एअर फिल्टर पाहिला, डिझेल फिल्टर पाहिला, मग इंटरकूलरच्या रबरी पाइपांवरून हात फिरवला. एका जागी तेलकट धूळ चिकटली होती. "भाऊ, टर्बो चांगला आहे. हवाच पोचून नाही राहिली."

टर्बोनं दाबलेली हवा तापते, तिला इंटरकूलर थंड करतो, आणि तिथून ती रबरी पाइपानं इंजिनात जाते. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. बॉनेटच्या आत त्याहून कितीतरी जास्त. अशात रबर वर्षानुवर्षं भाजून निघालं की कडक होऊन चिरतं. शिवाय ४७ अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा साधारण ८ टक्के विरळ, म्हणजे उन्हाळ्यात आधीच तूट, त्यात ही गळती.

मिस्त्रीनं पाइपात हवा भरून साबणाचं पाणी लावलं. बुडबुडे आले. नवा पाइप बसवला, स्कॅनरवर मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट जुळले. जुना पाइप मी घरी आणलाय. चीर नुसती बघून दिसत नाही, दोन्ही हातांनी वाकवला की उघडते.