सहा वेशींचा द्वारपाल

दिवाळी हा इंद्रियांचा सण आहे. डोळ्यांना पणत्यांच्या ओळी, नाकाला उटण्याचा दरवळ, जिभेला चकली-करंजी, अंगाला पहाटेचे कढत पाणी आणि कानांना मुलांचा गलका! अशा दिवसांत इंद्रियांवर पहारा ठेवणाऱ्या भिक्षूंच्या कथा सांगायला बसणे म्हणजे लग्नघरात वैराग्याचे कीर्तन लावण्यासारखे आहे, असे वाचकांपैकी कोणी म्हणेल. पण त्या कथा जितक्या वेळा मी वाचतो, तितक्या वेळा मला वाटते की, त्यांचे भांडण सुखाशी नव्हतेच. ते होते बेसावधपणाशी.

इंद्रियनिग्रह म्हणजे डोळे मिटणे आणि कान झाकणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ही समजूत फार जुनी आहे. मज्झिमनिकायातल्या अगदी शेवटच्या सुत्तात उत्तर नावाचा एक तरुण कजंगल येथे बुद्धांच्या भेटीला येतो. हा पारासरिय ब्राह्मणाचा शिष्य. तुमचे गुरू इंद्रियांची साधना कशी शिकवतात, असे बुद्धांनी विचारले. डोळ्यांनी रूप पाहायचे नाही आणि कानांनी शब्द ऐकायचा नाही, असे त्याने सांगितले. यावर बुद्धांच्या म्हणण्याचा भाव असा की, मग आंधळे आणि बहिरे हेच सर्वांत थोर साधक म्हणायचे! उत्तर बिचारा निरुत्तर होऊन खाली मान घालून बसला. पुढे आनंदाला समजावताना बुद्धांनी जे दाखले दिले, त्यांतला एक आपल्या स्वयंपाकघराजवळचा आहे. दिवसभर तापलेल्या लोखंडी भांड्यात पाण्याचे दोन-तीन थेंब पडावेत आणि पडताक्षणी विरून जावेत, तशी आवड आणि नावड मनात येताच विरली पाहिजे. म्हणजे थेंब पडू नये असा आग्रह नाही. भांडे तापलेले हवे, एवढेच.

संयुत्तनिकायात हीच गोष्ट दुसऱ्या रूपकाने सांगितली आहे. सरहद्दीवरचे एक नगर आहे आणि त्याला सहा वेशी आहेत. डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा आणि सहावे मन. वेशीवर एक शहाणा द्वारपाल आहे. ओळखीच्याला तो आत सोडतो, अनोळख्याला अडवतो. हा द्वारपाल म्हणजे 'सति', सावध स्मृती. वेशी कायमच्या लावून घेतल्या तर नगराचा बाजार ओस पडेल. आणि द्वारपाल झोपला तर चोरांचे फावेल.

चोर शिरतो कसा, याचे वर्णनही त्या ग्रंथांत मोठे बारकाईने केले आहे. दिसलेल्या वस्तूचे 'निमित्त' धरू नये आणि 'अनुव्यंजन' धरू नये, असा तो उपदेश आहे. निमित्त म्हणजे ढोबळ खूण, अनुव्यंजन म्हणजे तिचे बारकावे. दिवाळीचेच उदाहरण घेऊ. शेजारणीच्या हातात नवी पाटली दिसली. दिसली यात कसलाच दोष नाही. पण नजर तिथे अडकते; मग घडण किती नाजूक, किती तोळ्यांची असेल, हा हिशोब सुरू होतो; मग हिला मिळते आणि मला का नाही, हा प्रश्न; आणि संध्याकाळी घरात एखादा कडू शब्द. बुद्धांनी कर्म म्हणजे चेतना, म्हणजे मनातला हेतू, असे सांगितले आहे. पाटली दिसली तेव्हा कर्म घडले नव्हते. कडू शब्दाचा हेतू मनात धरला तेव्हा ते घडले. पहारा या दोहोंच्या मधल्या जागेवर हवा.

या साधनेचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे 'विसुद्धिमग्ग'. बुद्धघोषाचार्यांनी तो पाचव्या शतकात सिंहलद्वीपी अनुराधपूरच्या महाविहारात रचला. मराठी माणसाला या ग्रंथाबद्दल थोडा अभिमान वाटावा असे एक कारण आहे. गोव्यातल्या साखवाळ गावी 1876 साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी 1902 साली सिंहलद्वीपी गेले, भिक्षू होऊन पाली शिकले आणि पुढे याच ग्रंथाच्या संशोधनासाठी अमेरिकेत हार्वर्डला गेले. त्यांची देवनागरी आवृत्ती 1940 साली मुंबईत निघाली. हार्वर्डची आवृत्ती 1950 साली बाहेर पडली, तेव्हा ते हयात नव्हते. 1947 साली सेवाग्रामला त्यांनी देह ठेवला होता.

या विसुद्धिमग्गात चित्तगुप्त स्थविरांची कथा आहे. कुरंडक नावाच्या मोठ्या लेण्यात ते राहत. लेण्यात सात बुद्धांच्या गृहत्यागाची मनोहर चित्रे होती. एकदा काही भिक्षू ती पाहून हरखले आणि स्थविरांना म्हणाले, महाराज, चित्रे फार सुंदर आहेत! स्थविर साठ वर्षांहून अधिक काळ तिथे राहत होते, पण चित्रे आहेत हे त्यांना त्या दिवशी कळले. दारात नागकेशराचे झाड होते. त्याच्याकडेही त्यांनी कधी मान वर करून पाहिले नव्हते. खाली केशर पडलेले दिसले की झाड फुलले, असे ते समजत.

महागामच्या राजाने कीर्ती ऐकून तीनदा बोलावणे पाठवले. स्थविर गेले नाहीत. तेव्हा राजाने एक क्रूर उपाय केला. त्या गावातल्या तान्ह्या मुलांच्या आयांची स्तने बांधून त्यांवर मोहोर करवली. स्थविर येईपर्यंत लेकरांना दूध मिळू नये! स्थविर त्या अर्भकांच्या करुणेने तत्काळ निघाले. राजवाड्यात सात दिवस राहिले. राजाने वंदन केले तरी 'राजा सुखी होवो' आणि राणीने केले तरी तोच आशीर्वाद! भिक्षूंनी विचारले, तेव्हा म्हणाले, हा राजा आणि ही राणी, असा भेद मी करीत नाही. शेवटी राजाने त्यांना जाऊ दिले. ते लेण्यात परतले आणि त्याच रात्री त्यांना अर्हत्पद मिळाले, असे बुद्धघोष सांगतात.

साठ वर्षे चित्र न पाहणाऱ्याचे कौतुक करावे की कीव, असा प्रश्न रसिक वाचकाला पडेल. पण कथेतला विरोध पाहा. राजाचे डोळे उघडे होते आणि भुकेल्या लेकरांचे रडे त्याच्यापर्यंत पोचले नाही. स्थविरांची नजर खाली होती आणि ते त्यांना तत्काळ पोचले. तीन राजाज्ञा वेशीवर अडल्या. एका तान्ह्याच्या भुकेला द्वारपालाने वाट दिली.

धम्मपदाच्या अट्ठकथेतले चक्षुपाल स्थविर तर आंधळेच होते. रात्री पाऊस झाला होता. पहाटे ते चंक्रमण करताना पायांखाली पुष्कळ इंद्रगोप किडे मेले. पाहुण्या भिक्षूंनी जेतवनात तक्रार केली. बुद्धांनी विचारले, त्यांना मारताना तुम्ही पाहिलेत काय? नाही, असे उत्तर आले. तुम्ही जसे त्यांना पाहिले नाही, तसे त्यांनीही किड्यांना पाहिले नाही, असा निर्णय मिळाला. मारण्याचा हेतू नव्हता, म्हणून पाप नव्हते. मात्र याच कथेत त्यांच्या अंधत्वाचे कारण असे दिले आहे की, पूर्वजन्मी ते वैद्य होते आणि एका बाईचे डोळे त्यांनी जाणूनबुजून घालवले होते. नकळत घडलेले धुवून निघते, हेतुपूर्वक केलेले पाठ सोडत नाही.

बुद्धघोषांच्या त्याच पाचव्या शतकात आपल्या अजिंठ्यालाही चित्रकारांच्या कुंचल्याला बहर आला होता. वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने सोळावे लेणे भिक्षुसंघाला अर्पण केले, ते त्याच शतकाच्या उत्तरार्धात. एकाच धर्माने भिंती रंगवल्या आणि नजरही आवरायला शिकवली. चित्तगुप्तांनी ती चित्रे पुसायला सांगितली नाहीत, हे विसरू नये.

तेव्हा वाचकहो, दिवे डोळे भरून पाहा, फराळ चवीने खा. फक्त वेशीवरच्या त्या म्हाताऱ्या द्वारपालाला झोपू देऊ नका. कारण दिव्यांच्या झगमगाटात एखादे भुकेले पोर दाराशी उभे असले, तर ते ओळखून आत घेणाराही तोच आहे.