पहाटे साडेपाचच्या आधीचे अठरा तास

खाऱ्या पाण्याची टाकी एका रात्रीत गेली, असं लोक सांगतात. खरं तर ती आदल्या दिवसापासूनच जात असते आणि कारणं त्याहून महिना-दीड महिना जुनी असतात. खालचा घटनाक्रम कुणा एका घरचा नाही. अकोला जिल्ह्यातल्या अकोटमध्ये, मे महिन्यात, शेवाळाने भरलेल्या दोनशे लिटरच्या टाकीत गोष्टी ज्या क्रमाने बिघडत जातात, तो हा क्रम. जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर हात घालून तो थांबवता येतो, म्हणून तासवार मांडतो आहे.

सकाळी ११.३०

काचेवर तपकिरी थर, दगडांवर हिरवे तंतू, वाळूवर लालसर, बुळबुळीत पापुद्रा. तपकिरी ते डायटम, हिरवं ते तंतुशेवाळ. लाल पापुद्रा मात्र शेवाळ नव्हेच, ते सायनोबॅक्टेरिया म्हणजे जिवाणू आहेत. डायटमला सिलिका लागते, आणि नायट्रेट-फॉस्फेटवर तर तिघेही पोसतात.

हे खाद्य येतं कुठून? थोडं माशांना जास्त टाकलेल्या दाण्यांतून. उरलेलं पाण्यातून, आणि आपल्याकडे हा भाग मोठा आहे. अकोटच्या दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा सुरू होतो. अकोला, अमरावती, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. 'बोअरचं पाणी खारंच आहे, मग समुद्री माशांना चालेल' हा समज मी पुन्हा पुन्हा ऐकतो. तो साफ चुकीचा आहे. समुद्राच्या एका लिटरमध्ये सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. बोअरमध्ये त्याचा लहानसा अंश असतो, आणि त्या क्षारांचं प्रमाणही निराळं. शिवाय शेतातल्या खताचं नायट्रेट जमिनीत झिरपतं. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट आपल्या मानकात चालतं. टाकीत मात्र ते दहाच्या आत ठेवायची धडपड असते. म्हणजे माणसाला चालणारं पाणी इथे शेवाळाचं खत ठरतं. आरओ आणि त्यापुढे डीआय गाळणीतून काढलेलं पाणी, त्यात मोजून मिसळलेलं कृत्रिम समुद्री मीठ, यापलीकडे समुद्रापासून चारशे किलोमीटरहून दूर असलेल्या गावात दुसरा मार्ग नाही.

दुपारी ३.००

२०२० च्या मे महिन्यात अकोल्यात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. अशा दुपारी टाकीचं पाणी २६ वरून ३२ अंशांकडे सरकतं. समुद्राच्या पाण्यात २६ अंशांना लिटरमागे साधारण ६.७ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३२ अंशांना जेमतेम सहा. दोनशे लिटरच्या टाकीत सगळा मिळून सव्वा ग्रॅमही नाही! माशांचं जगणं या एवढ्या साठ्यावर चालू असतं.

पाण्याच्या पृष्ठभागावर साधा पंखा लावला तर वऱ्हाडच्या कोरड्या हवेत पाणी दोन-तीन अंशांनी सहज उतरतं. मात्र त्याच बंद खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्याचा गुण कमी पडतो.

संध्याकाळी ६.००

इथे निर्णय चुकतो. पाहुणे येणार असतात, टाकी घाण दिसते, आणि शेवाळनाशकाची बाटली उघडली जाते. मात्राही 'थोडी जास्तच' पडते.

शेवाळ हे टाकीतलं जादा खाद्य साठवून ठेवणारं कोठार आहे. ते जिवंत असताना नायट्रेट-फॉस्फेट त्याच्या अंगात बंद असतं. एकदम मेलं की सगळं पाण्यात परत येतं. कुजवणारे जिवाणू त्यावर तुटून पडतात आणि त्यांनाही ऑक्सिजन लागतो. औषधात तांबं असेल तर शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आधी मरतात, म्हणजे फुकटचे सफाई कामगार गेले आणि कुजायला आणखी माल आला.

रात्री ९.००

दिवे बंद. आता ऑक्सिजन तयार होणं थांबतं. उरलेलं शेवाळही दिवसा सोडलेला ऑक्सिजन रात्री स्वतःच घेऊ लागतं. कार्बन डायऑक्साइड वाढतो, दिवसा ८.३ असलेला पीएच ७.९ च्या खाली घसरतो. गोगलगायी काचेवरून सुटून वाळूवर पडलेल्या दिसतात. या क्षणी निम्मं पाणी काढून ताजं खारं पाणी घातलं आणि कुजकं शेवाळ हाताने उपसून काढलं, तर टाकी वाचते.

रात्री ११.४०

लाइन जाते. लाटा करणारा पंप, फेसातून घाण काढणारा स्किमर, फिल्टर एकदम थांबतात. हलतं पाणी हवेतून ऑक्सिजन घेतं. स्थिर पाणी जवळजवळ घेत नाही.

पहाटे २.००

मासे वर येऊन तोंड उघडझाप करतात. मोठा मासा आधी, कारण त्याची गरज जास्त. घरात कुणी जागं असलं तर प्लॅस्टिकच्या मगाने पाणी उचलून हातभर वरून सोडत राहावं. हा उपाय अगदी साधा आहे, पण प्राण वाचवतो.

पहाटे ४.००

बंद डब्याच्या फिल्टरमधले उपकारी जिवाणू गुदमरू लागलेले असतात. कुजण्यातून सुटणारा विषारी अमोनिया पचवायला तेच होते.

पहाटे ५.३०

उजाडण्यापूर्वीची वेळ ऑक्सिजनच्या सर्वांत कमी पातळीची. पाणी पांढुरकं, वास कुजका, मासे तळाशी आडवे.

सकाळी ६.३०

लाइन येते आणि दुसरा घाव बसतो. फिल्टरमधलं सडकं पाणी टाकीत ढकललं जातं. हवा खेळू लागते, पीएच चढतो, आणि पीएच चढला की त्याच अमोनियाचा विषारी भाग वाढतो. रात्र काढलेला एखादा मासा दुपारपर्यंत जातो तो यामुळे. फिल्टर सोडवून, धुऊनच पुन्हा जोडायला हवा होता.

शेवाळ उपाशी ठेवून घालवायचं असतं. दाणे कमी करा, दिव्याचे तास घटवा, आठवड्याला थोडं पाणी बदला, तंतू हाताने उपटत राहा. काही आठवडे लागतील, लागू द्या. औषध वापरायचंच असेल तर टाकीचा एक भाग साफ करून, कमी मात्रेत, सकाळी, आणि हवेचा पंप चालू ठेवून. आणि ज्यांच्या घरी आज खाऱ्या पाण्याची टाकी आहे त्यांना कळकळीची विनंती: पुढचा मासा विकत घेण्याआधी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या, तो टाकीला जोडून ठेवा आणि महिन्यातून एकदा लाइन बंद करून चालतो का ते पाहा.