उरलेल्या लोखंडाची साक्ष

वरवंडच्या आमच्या विहिरीवर एक जुने ऑईल इंजिन पडून आहे. दोन बाजूंना दोन जड चाके, मधे उभा सिलिंडर, वर गंजून भोके पडलेला सायलेन्सर. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी एक भंगारवाला शेतात आला. त्याने चाकावर दगडाने टकटक केली, आवाज ऐकला आणि म्हणाला, "अस्सल बीड आहे. वजनाला चांगलं भरेल." धाकट्या भावाने माझ्याकडे पाहिले. "दादा, काय करायचंय ठेवून? खाली सापाचं घर झालंय." मी नको म्हणालो. का नको, ते मात्र सांगता आले नाही. "पूर्वीचं लोखंडच वेगळं होतं," एवढेच तोंडून निघाले.

हे वाक्य माझे नव्हे. पारावर, गुऱ्हाळावर, वेल्डिंगच्या दुकानापुढे मी ते लहानपणापासून ऐकत आलो आहे. नांगराचा फाळ वाकला, मोटारीचे वाइंडिंग जळले, नव्या ट्रॅक्टरवर लाल दिवा लागला, की कोणीतरी ते म्हणतोच. बाकीचे मान डोलावतात आणि विषय संपतो. तो तिथे संपू नये असे मला वाटत होते. जुनी शेतीयंत्रे खरोखरच अधिक मजबूत होती, की आपण फक्त जी उरली त्यांचीच साक्ष ऐकतो आहोत?

जुने म्हणजे किती जुने, हे आधी ठरवायला हवे. पुणे जिल्ह्याच्या १८८५ च्या गॅझेटिअरमध्ये उसाच्या लाकडी चरकाचे वर्णन आहे. बाभळीच्या दोन उभ्या लाटा एकमेकींत अडकून फिरत. त्यांना नवरा-नवरी म्हणत. बैल गोल फिरायचे आणि रस निघायचा. या चरकाला कोणी कधी 'टिकाऊ' म्हटले असेल असे वाटत नाही. लाकडी नांगर, पाभर, मोटेचे चाक, यांचेही तेच. ही अवजारे झिजणार हे गृहीतच होते. सुतार आणि लोहार ती दरवर्षी नीट करत आणि सुगीला खळ्यावर आपले बलुते नेत. दुरुस्ती म्हणजे संकट नव्हते, तो वर्षाच्या कामाचा एक भाग होता. अवजार टिकत नसे. त्याला टिकवणारी माणसे गावात असत.

मग लोखंड आले. खडकवासल्याच्या धरणातून निघालेला मुठा उजवा कालवा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी या पट्ट्यात पाणी घेऊन आला आणि उसाला आधार मिळाला. त्याच सुमारास बिहारमधील बिहिया येथे थॉमसन आणि माइल्न यांनी बनवलेला लोखंडी चरक देशभर पसरत होता. नांगराचे वळण आले ते बेळगावहून. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे १९०३ मध्ये लोखंडी नांगर तयार केला. लोखंडाने जमिनीत विष कालवले जाते, अशी तेव्हा शेतकऱ्यांची समजूत होती आणि पहिले काही नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि पुढे हाच नांगर घरोघर पोचला. हरळी आणि कुंदा खणून काढायला त्याच्यासारखे दुसरे साधन नव्हते.

इथे एक गोष्ट सहज नजरेआड होते. बीड कठीण असते, पण ठिसूळ. दगडावर आपटले तर ते वाकत नाही, तुटते. आणि तुटलेले बीड गावच्या लोहाराला भात्यावर तापवून, घणाने ठोकून सांधता येत नाही. घडीव लोखंड त्याच्या हातातले होते, ओतीव नव्हते. म्हणजे ज्या लोखंडाला आज आपण अभिमानाने 'पूर्वीचं' म्हणतो, ते आले तेव्हा गावाच्या हाताबाहेरचेच होते. तरीही ते रुजले, कारण त्याची जुळणी सुट्या भागांची होती. फाळ झिजला की बोल्ट काढायचा आणि नवा बसवायचा. तो तालुक्याच्या बाजारात मिळू लागला, पाना घराघरात आला, आणि लोहाराच्या शेजारी 'फिटर' नावाचा नवा कारागीर उभा राहिला. नांगराच्या यशात भट्टीचा जेवढा वाटा, तेवढाच या पान्याचा आणि फिटरचा.

आता इंजिनाकडे येऊ. साताऱ्यात धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये कारखाना काढला. तिथे नांगर झाले आणि पुढे डिझेल इंजिनेही. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. शिवाय इंग्लंडच्या लिस्टर कंपनीची संथ इंजिने आणि राजकोटच्या कारखान्यांनी केलेल्या त्यांच्या हुबेहूब नकला देशभर होत्या. मोट सुटली ती या इंजिनांमुळे.

या इंजिनांचे आयुष्य मोठे होते, हे खरे. पण त्याचे कारण लोखंडाच्या जातीपेक्षा त्याच्या चालीत अधिक आहे. सहा अश्वशक्तीचे लिस्टर मिनिटाला ६५० फेरे घ्यायचे. नंतर आलेली पाच अश्वशक्तीची हलकी इंजिने १५०० फेरे घेतात. आठ तास पाणी चालले तर पहिल्याचे ३ लाख १२ हजार फेरे होतात, दुसऱ्याचे ७ लाख २० हजार. दट्ट्या तितक्या वेळा खालीवर होतो, रिंगा तितक्या वेळा घासतात. संथ चालणाऱ्याची झीज कमी, यात नवल नाही. या संथपणाची किंमत वजनात मोजावी लागे. तेवढ्याच ताकदीसाठी दुप्पट-तिप्पट लोखंड ओतावे लागे, ते बैलगाडीतून आणावे लागे आणि विहिरीवर पाया बांधून एकदा बसवले की तिथेच राही. हलके इंजिन एका विहिरीवरून दुसरीवर नेता येते. पाच एकरांच्या मालकाला ते परवडले. त्याला मिळाले ते कमी टिकणारे यंत्र, हे खरे. पण आधी त्याला कोणतेच मिळत नव्हते.

आणि ते जुने इंजिन 'कधी बंदच पडले नाही' म्हणतात, त्याचे काय? वडिलांची खर्चाची वही माझ्याकडे आहे. लाल कापडी बांधणीची, बियाणे आणि मजुरीच्या हिशेबाची. इंजिनाविषयी काही शोधावे म्हणून मी ती उघडली नव्हती, पण जवळजवळ प्रत्येक वर्षाच्या पानावर ते भेटत गेले. रिंगा टाकल्या. व्हॉल्व्ह घासले. नोझल बदलले. पट्टा सांधला. बेरिंग ओतून आणले. १९७२ च्या दुष्काळाच्या पानावर तर विहिरीच्या खोदाईखालोखाल इंजिनाचाच खर्च आहे. आमच्या घरात 'कधी बंदच न पडलेल्या' इंजिनाचा हा हिशेब. खोटे कोणी बोलत नव्हते. इंजिन सकाळी बंद पडे आणि संध्याकाळी चालू होई. म्हणून ते बंद पडल्याचे कोणाच्या लक्षात राहिले नाही.

आमच्याकडे तीन इंजिने होऊन गेली, हेही त्याच वहीत सापडले. एकाचे ब्लॉक तडकले, दुसरे विकले. तिसरे उरले, कारण पुढे वीज आली आणि विहिरीवर मोटार बसली. ते टिकले ते चालून नव्हे, थांबून. आज गावोगाव जी जुनी यंत्रे मजबुतीचा दाखला म्हणून दाखवतात, त्यातली बरीचशी अशी लवकर निवृत्त झालेली आहेत. बाकीची सोलापूर रस्त्यावरच्या भंगारात वजनाने विकली गेली, वितळून त्यांच्या सळया झाल्या. ती आपल्याशी वाद घालायला येत नाहीत.

जगाचाही अनुभव असाच आहे. अमेरिकेत ट्रॅक्टर नवे होते, तेव्हा नेब्रास्काच्या विल्मट क्रोझियर या शेतकऱ्याच्या पदरी असे निकामी ट्रॅक्टर पडले की तो विधिमंडळात गेल्यावर त्याने कायदाच करून घेतला: चाचणी झाल्याशिवाय राज्यात ट्रॅक्टर विकायचा नाही. हा कायदा १९१९ चा. आपल्याकडे मध्य प्रदेशातील बुधनीची सरकारी संस्था अशाच चाचण्या घेते. सगळीच जुनी यंत्रे भक्कम असती, तर या खटाटोपाची गरज पडली नसती.

आणखी एक हिशेब वडिलांच्या वहीत नाही. तो माणसांच्या अंगावर लिहिलेला आहे. हॅन्डल मारताना इंजिनाने उलटा झटका दिला आणि माझ्या थोरल्या चुलत्यांचे मनगट मोडले. ते पुढे कधी सरळ झाले नाही. उघड्या पट्ट्यात धोतराचा सोगा जाणे, चरकात ऊस सारताना बोटे जाणे, या गोष्टी गुऱ्हाळाच्या पट्ट्यात कोणाला नव्या नाहीत. मळणीयंत्रांनी उत्तरेत इतके हात नेले की संसदेला १९८३ मध्ये धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. लाटांवर संरक्षक जाळी नव्हती, पट्ट्यावर झाकण नव्हते, म्हणून यंत्र साधे दिसे आणि उघडायला सोपे जाई. त्या साधेपणाचे कौतुक करताना चुलत्यांचे मनगट मला आठवते.

नव्या यंत्रांच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. रोटाव्हेटरचे पाते आज बोरॉन मिसळलेल्या पोलादाचे, उष्णतेची प्रक्रिया करून बनवलेले असते. जुन्या ओतीव फाळाशी त्याची तुलनाच नको. आजचा ट्रॅक्टर कमी डिझेलमध्ये अधिक काम करतो, ब्रेक लागतात, धूर कमी होतो. पन्नास अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे नवे कडक नियम लागू झाले. ते पाळायचे तर डिझेल किती आणि केव्हा सोडायचे हे संगणकाने ठरवावे लागते. धूर आपल्याच नाकातोंडात जातो, तेव्हा या नियमांविरुद्ध माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती दुसऱ्या ठिकाणी. दोन वर्षांपूर्वी ऐन लागणीच्या दिवसांत आमचा भाड्याने आणलेला मोठा ट्रॅक्टर सरीतच उभा राहिला. इंजिन धडधाकट, तेल-पाणी भरलेले. दिवा लागला होता आणि ट्रॅक्टर पुढे जात नव्हता. तिसऱ्या दिवशी एक मुलगा लॅपटॉप घेऊन आला, त्याने वायर जोडली आणि एक सेन्सर बदलला. काम वीस मिनिटांचे. तीन दिवसांत बेणे सुकले, मजुरांची टोळी दुसऱ्याच्या शेतात गेली. आमच्या भीमेपलीकडे, शिरूर तालुक्यातल्या सणसवाडीत, जगातल्या एका मोठ्या कंपनीचे ट्रॅक्टर तयार होतात. ट्रॅक्टर आपल्या शेजारी बनतो, पण त्यात काय बिघडले हे विचारण्याची भाषा आपल्याकडे नाही.

ही अडचण आपल्या एकट्याची नाही. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये शेतकऱ्याला स्वतःचे यंत्र दुरुस्त करण्याचा हक्क देणारा कायदा केला. सुटे भाग, माहितीपुस्तके आणि तपासणीची साधने कंपन्यांनी द्यायची, असे त्यात आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि पहिल्या चार क्षेत्रांत शेतीची यंत्रे घेतली. मला हे बलुत्याच्या जुन्या प्रश्नाचेच नवे रूप वाटते: अवजार कोणाच्या हाताने नीट व्हायचे?

इथपर्यंत आलो आणि वाटले, उत्तर सापडले. जुनी यंत्रे मजबूत होती असे नाही, ती आपल्या आवाक्यात होती. पण तेही पुरते खरे नाही, हे मला या दिवाळीच्या आधी कळले. विहिरीवरचे इंजिन चालू करून पाहावे असे ठरवले. वडिलांच्या वेळचे फिटर आता ऐंशीच्या पुढे आहेत. पुतण्याने त्यांना मोटारसायकलवरून आणले. त्यांनी चाक हाताने फिरवले, कान लावला, दार उघडायला लावले आणि म्हणाले, "खालचं बेरिंग गेलंय. ओतावं लागेल." मी विचारले, "नाना, कुठं ओतून मिळेल?" ते थोडा वेळ गप्प राहिले. चौफुल्यापासून पाटसपर्यंत आता व्हाइट मेटल ओतणारा कोणी उरलेला नाही. त्यांची स्वतःची भट्टी केव्हाच मोडली. मुलगा पुण्याला नोकरी करतो.

म्हणजे लोखंड तेच आहे, इंजिन तेच आहे, आणि तरीही आज ते त्या सरीत उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरइतकेच आपल्या हाताबाहेर गेले आहे. आवाका लोखंडात नव्हता. तो नानांच्या हातात होता. बाभळीच्या लाटांच्या वेळी तो सुताराच्या हातात होता आणि उद्या कदाचित त्या लॅपटॉपवाल्या मुलाच्या हातात असेल, जर त्याला ती विद्या कंपनीच्या परवानगीशिवाय शिकता आली आणि तो गावात राहू शकला तर. यंत्र किती टिकेल हे विचारताना, ते टिकवणारा आपल्या पंचक्रोशीत जगू शकेल का, हे आपण विचारतच नाही.

भावाला मी आता निदान कारण सांगू शकलो. तो हसला आणि म्हणाला, "मग भंगारवाल्याला काय सांगू?" पुतण्याने दोन दिवस नानांजवळ बसून बेरिंग कसे ओतायचे ते वहीत लिहून घेतले आहे: साचा किती गरम करायचा, मेटल तापल्याचे कशावरून ओळखायचे, नंतर पातीने किती खरडायचे. वही तीच, वडिलांची; मागची पाने कोरी होती. भंगारवाल्याला आम्ही पुढच्या वर्षी ये म्हणून सांगितले आहे. इंजिन अजून चालू झालेले नाही.