पंगतीतली मानाची पाहुणी

मंडळी, जेवणाच्या पंगतीला चक्क मोटारीला बोलावल्याचं ऐकलंय कधी? लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात १९२७ साली तसं घडलं!

त्या जूनमध्ये फ्रान्समधल्या ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत, व्हाइट हाउसच्या वळणावर गाड्या एकमेकींवर आदळल्या. बेंटली कंपनीच्या तिन्ही गाड्या त्यात सापडल्या. सॅमी डेव्हिसने आपली तेवढी कशीबशी बाहेर काढली. चासी वाकलेली, एक दिवा फुटलेला. त्याने आणि डॉ. बेंजाफील्ड यांनी आळीपाळीने चालवून तीच गाडी पहिली आणली. मग विजयाच्या मेजवानीत ती मोडकी गाडी थेट जेवणाच्या दालनात आणली गेली. मानाची पाहुणी तीच...

बेंजाफील्ड पेशाने डॉक्टर, जीवाणुतज्ज्ञ. शर्यतीतल्या मित्रांना ते घरी जेवायला बोलवायचे. त्या जेवणावळींतूनच १९२८ साली ब्रिटिश रेसिंग ड्रायव्हर्स क्लब उभा राहिला. आज सिल्व्हरस्टोनचा शर्यतीचा ट्रॅक याच क्लबच्या मालकीचा आहे.

मला मात्र या जेवणांत खाण्यापिण्याच्या हौसेपेक्षा धास्ती जास्त दिसते. बेंटलीवाल्या याच कंपूतला क्लाइव्ह डनफी १९३२ मध्ये ब्रुकलँड्सच्या शर्यतीत गेला. टिम बर्किन १९३३ मध्ये, ट्रिपोलीच्या शर्यतीनंतर आजारी पडून. वय अवघं ३६.

आपल्याकडे पंगत बसली की घरातलं मोठं माणूस पानं मोजतं, कोण यायचं राहिलं ते बघतं. या मंडळींचं एकत्र जेवणंही तसंच असावं. सगळे परत आलेत ना, एवढं बघायचं आणि मग पहिला घास घ्यायचा.

असो.