तळटीप : तिप्पट फंड आणि सरासरीची रेघ

थोड्या पैशांत मोठा सौदा यवतमाळला नवा नाही. एमसीएक्स या वस्तूबाजाराच्या कापूस वायद्यात यवतमाळ हे गाठींच्या डिलिव्हरीचं एक केंद्र. मार्जिन भरलं की पूर्ण मालाचा सौदा हाती येतो. शीर्षकातला ‘तिप्पट फंड’ मात्र निराळा. अमेरिकेतला डायरेक्शन कंपनीचा ‘डीआरएन’ (२००९) स्थावर मालमत्तेच्या शेअर निर्देशांकाच्या रोजच्या हालचालीच्या तिप्पट परतावा देऊ पाहतो. हिशेब रोज नव्याने मांडला जातो, आणि गोम तिथेच आहे. निर्देशांक १०० वरून १० टक्के पडला, दुसऱ्या दिवशी १० टक्के चढला, की ९९ वर येतो. फंड आधी ७०, मग ९१. इमारती जागच्या जागी, नऊ रुपये गायब!

म्हणून काही ट्रेडर भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर असेल तोवरच फंडात राहतात. सलग चढत्या बाजारात हे बरं चालतं. भाव त्या रेघेभोवतीच घुटमळू लागला, की दर खोट्या इशाऱ्याला तोटा, वर दलाली.

भारतात असे तिप्पट फंड नाहीत. २०१९ मध्ये शेअर बाजारात सूचीबद्ध झालेला पहिला रीट (स्थावर मालमत्तेतला गुंतवणूक ट्रस्ट), एम्बसी ऑफिस पार्क्स, यालाही सेबीच्या नियमानुसार मालमत्तेच्या ४९ टक्क्यांपुढे कर्ज काढता येत नाही.